बिअर कुठून खाली येते ते आधी बघा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात गुऱ्हाळाच्या फोटोंवर लिहिलं आणि शेवटी सहज टाकलं होतं की कोणी बिअरच्या जुन्या कारखान्यांचे, ब्रुअऱ्यांचे फोटो काढले असतील तर पाठवा. मला वाटलं दोन-चार येतील. आपली माणसं लेकाकडे-लेकीकडे परदेशात गेली की देवळं आणि धबधबे बघून येतात असा माझा समज होता, तो साफ चुकला. ढीगभर पत्रं आली, त्यातली सहा घेतेय, बाकीच्यांनी रागावू नका, पुढेमागे घेईन.

प्रश्न : ताई, मी कोथरूडची, वय ६३. लेक ऑक्सफर्डला असते, तिच्याकडे गेले होते तेव्हा जावई हूक नॉर्टन नावाच्या गावातली जुनी ब्रुअरी दाखवायला घेऊन गेले. मी काही पीत नाही पण बिल्डिंग बघून वेडी झाले, गोष्टीतल्या चेटकिणीचं घर असावं तशी, मजल्यावर मजले, मध्येच दगड मध्येच वीट मध्येच लाकूड. मोबाईलवर साठेक फोटो काढले आणि घरी येऊन बघते तर सगळ्यात बिल्डिंग मागे कलंडलेली, आणि एकातही ती जशी दिसली तशी आलेली नाही. माझं काय चुकलं? जावई म्हणतात चांगला कॅमेरा घ्या.

उत्तर : काकू, जावयांना म्हणावं पैसे ठेवा खिशात. तुम्ही पाठवलेले आठही फोटो बघितले, मोबाईलचा दोष शून्य.

कलंडण्याचं कारण सोपं आहे. बिल्डिंग उंच, गल्ली अरुंद, म्हणून आपण मोबाईल वर तिरपा करतो, आणि मोबाईल तिरपा झाला की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. मोबाईल भिंतीला समांतर, म्हणजे अगदी ओळंबा लावल्यासारखा उभा धरायचा. मग वरचा मजला कापला जातो ना, तर मागे सरका, अजून मागे सरका, किंवा ०.५ वाली वाइड लेन्स लावा. फोटोच्या खालच्या अर्ध्या भागात नुसता रस्ता येईल, येऊ द्या, घरी येऊन तो कापून टाकायचा. दुसरा उपाय म्हणजे समोर कुठे थोडं उंचावर उभं राहायला मिळालं तर बघा, बिल्डिंगच्या अर्ध्या उंचीवर गेलात तर निम्मं काम तिथेच झालं. आणि तरी राहिलंच तर स्नॅपसीड या मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये पर्स्पेक्टिव्ह म्हणून आहे त्यात सरळ करा, फक्त फोटो काढताना चारी बाजूंनी जागा सोडून काढा कारण सरळ करताना कडा खाल्ल्या जातात. आणि एक, पूर्ण शंभर टक्के सरळ नका करू. उंच इमारतीकडे मान वर करून बघताना ती थोडी निमुळती दिसणार हे आपल्या डोळ्याला माहीत असतं, अगदी काटेकोर सरळ केली की ती वरून फुगल्यासारखी दिसते, डोक्यावर पेटी घेतलेल्या हमालासारखी.

हे झालं तंत्राचं. पण काकू, तुम्ही म्हणता ती जशी दिसली तशी आली नाही, ते काही कलंडल्यामुळे नाही. तुम्ही बिल्डिंगचे फोटो काढलेत, आणि ती बिल्डिंग नाहीच आहे, ते मशीन आहे.

बघा, आपलं गुऱ्हाळ जमिनीवर पसरलेलं असतं, इकडे चरक, तिकडे काहील, पलीकडे ढेपा. आता तेच गुऱ्हाळ उचलून एकावर एक रचलं तर काय होईल? हूक नॉर्टन होईल. याला टॉवर ब्रुअरी म्हणतात. पाणी पंपाने सगळ्यात वरच्या टाकीत चढवायचं, आपल्या सोसायटीच्या गच्चीवर असते तशी टाकी, माल्टची पोती दोराने वर ओढायची, आणि मग पुढचं बहुतेक काम उतारावर सोडून द्यायचं. माल्ट म्हणजे मोड आणून भाजलेलं सातू. ते वर भरडायचं, ती भरड खालच्या मोठ्या पिंपात गरम पाण्यात भिजते, गोड रस निघतो, तो अजून खाली तांब्याच्या कढईत हॉप्स नावाची कडू फुलं घालून उकळतो, गार होतो, यीस्ट घालून आंबतो आणि शेवटी तळघरात पिंपात भरला जातो. जुन्या पद्धतीत उकळलेला रस गार करायला एका पसरट उथळ ताटात ओतायचे आणि त्या मजल्याला काचा नसायच्या, झिलमिली असायच्या, आपल्या जुन्या वाड्यांना असतात तशा लाकडी पट्ट्या, म्हणजे वारा आत आणि वाफ बाहेर. तुम्हाला जे मध्येच दगड मध्येच लाकूड वाटलं ना, ते आर्किटेक्टची नुसती हौस नाही. जिथे वजन आहे तिथे दगड आणि ओतीव लोखंडाचे खांब, जिथे वारा पाहिजे तिथे लाकडी पट्ट्या. म्हणजे हौस पण आहेच थोडी, आर्किटेक्ट विल्यम ब्रॅडफर्ड ब्रुअऱ्यांसाठीच प्रसिद्ध होता आणि त्याला छपरांवर नखरे करायला आवडायचे. ससेक्समध्ये लुइस गावातली हार्वीजची ब्रुअरीही १८८१ साली त्यानेच बांधली, परत गेलात तर जावयांना तिकडेही न्यायला सांगा.

इतिहास थोडक्यात सांगते. १८४९ साली जॉन हॅरिस नावाच्या माणसाने या गावात माल्टचा धंदा सुरू केला, त्यातून ब्रुअरी झाली. पुढे गावाजवळून रेल्वेमार्ग टाकायचं काम निघालं, दरीवर पूल बांधायचे होते, शेकडो मजूर आले आणि दिवसभर माती उपसलेल्या मजुराला संध्याकाळी काय लागतं ते सांगायला नको. धंदा वाढला, जागा पुरेना, आणि मग १९०० च्या सुमारास आज दिसते ती सहा मजली इमारत उभी राहिली. आतलं वाफेचं इंजिन १८९९ चं आहे, २५ हॉर्सपॉवरचं, बर्टन गावच्या बक्स्टन अँड थॉर्नली कंपनीचं. पट्ट्यांनी आणि चाकांनी ते एकटं इंजिन पाणी चढवायचं, माल्ट भरडायचं, पोती ओढायचं. बर्टन म्हणजे तेच गाव बरं का जिथून एकोणिसाव्या शतकात बिअरची पिंपं बोटीत भरून मुंबई-कलकत्त्याला गोऱ्या साहेबांसाठी यायची, तीच पुढे इंडिया पेल एल म्हणून गाजली. आता पुण्यात हजार ठिकाणी आयपीए लिहिलेलं असतं, त्यातला आय आपला आहे हे पिणाऱ्यातल्या किती जणांना माहीत असतं कोण जाणे.

तर पुढच्या वेळी असं करा. साठ फोटो काढू नका, सहा काढा. टूर घ्या, आणि टूरवाला बोलत असताना मोबाईल पर्समध्ये. फक्त एवढं ऐका की माल कुठून वर जातो आणि कुठून खाली येतो. मग बाहेर येऊन एक पूर्ण इमारतीचा, ज्यात वरची झिलमिली स्पष्ट दिसते असा. मग पोती ओढायची जागा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेलं ते लाकडी खोपटं असतं ते. मग आतला लाकडी जिना, वरून खाली बघत. पायऱ्यांच्या मधोमध लाकूड झिजून खोलगट झालंय का बघा, शंभर वर्षं बुटांनी झिजलेली पायरी ही कुठल्याही कोनशिलेपेक्षा जास्त बोलते, आणि तिचा फोटो खिडकीचा उजेड आडवा पडत असेल तेव्हाच काढा, फ्लॅशने ती सपाट होऊन जाते. मग इंजिन. मग तळ. हे सहा फोटो एकाखाली एक लावा, म्हणजे लेकीच्या घरच्या भिंतीवर बिअर वरून खाली येताना दिसेल.

आणि ढगाळ हवा होती म्हणून हळहळू नका. जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर म्हणून नवरा-बायको होते, त्यांनी आयुष्यभर पाण्याच्या टाक्या आणि कारखान्यांच्या भट्ट्यांचे फोटो काढले आणि ते मुद्दाम ढगाळ दिवस निवडायचे, कारण सावल्या नसल्या की आकार दिसतो. इंग्लंडात तर ही सोय फुकटात.

प्रश्न : नमस्कार, चिंचवडला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. मित्राच्या ओळखीने एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे छोट्या प्रमाणावर बिअर बनवतात तिथे, आतून फोटो काढायला मिळाले. तीन प्रॉब्लेम आले. एक, स्टीलच्या टाकीत प्रत्येक ठिकाणी मीच दिसतोय, पोटासकट. दोन, फोटोंवर आडवे पट्टे आलेत. तीन, पहिले वीस मिनिटांचे सगळे फोटो धुरकट. पोलरायझर फिल्टर लावला होता तरी रिफ्लेक्शन गेलं नाही, फिल्टर डुप्लिकेट असेल का?

उत्तर : फिल्टर अस्सल आहे, दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. पोलरायझर पाण्यावरची, काचेवरची चकाकी कापतो, उघड्या धातूवरची कापत नाही, कारण धातूवरून परत येणारा उजेड तसा पोलराइझ होतच नाही. तेव्हा तो काढून ठेवा, उगाच उजेड खातो.

स्टीलची गोल टाकी म्हणजे जत्रेतला आरसा, तिच्यासमोर उभे राहाल तर पोटच दिसणार, माझंही दिसतं. माझाच किस्सा सांगते. एका ठिकाणी रस उकळायची तांब्याची जुनी केटल होती, आपल्या आजीच्या न्हाणीघरातला बंब चिंचेने घासून लखलखीत केलेला असावा तशी, आणि मी तासभर तिच्यामागे लागले होते, उजेड असा पाहिजे तसा पाहिजे. घरी मोठ्या स्क्रीनवर बघितलं तर केटलच्या पोटावर बरोब्बर मधोमध एक लाल ठिपका. आधी वाटलं गेज आहे कसलंतरी, मग झूम केलं तर माझी ओढणी. तेव्हापासून अशा ठिकाणी काळे कपडे, साधे, बटणं पण चमकणारी नकोत. दूर उभं राहायचं, ७०-१०० मिलिमीटरची लेन्स लावायची, टाकीच्या मध्यावरून जरा बाजूला सरकायचं, म्हणजे आपण अगदी बारीक होऊन कडेला जातो. आणि टाकीत काय दिसतंय ते निवडून घ्यायचं. समोर पांढरी भिंत असेल तर टाकी गुळगुळीत दिसते, खिडकी असेल तर तिच्यावर एक उभी चकचकीत रेघ येते आणि त्या रेघेनेच टाकीचा गोलावा कळतो. ती रेघ घालवायची नाही, जागेवर बसवायची.

पट्टे लाइटचे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे बरेच एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा आणि सायलेंट मोड म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, बहुतेक वेळा जातात. अमेरिकेत काढणार असाल तर तिथे ६० हर्ट्झ, मग १/६० किंवा १/१२०.

धुरकट प्रकार तुम्ही मेंटेनन्सचे असून विचारलात याचं नवल वाटलं. एसी गाडीतून गार कॅमेरा घेऊन वाफेच्या खोलीत गेलात, काचेवर दव धरलं, फ्रिजमधल्या तांब्यावर धरतं तसं. कॅमेरा बॅगेत बंद ठेवून बॅग अर्धा तास आत नेऊन ठेवायची, चेन उघडायची नाही. तोवर माणसांशी गप्पा मारा, ब्रुअर लोक कामाबद्दल बोलायला फार उत्सुक असतात, फक्त कोणी विचारत नाही.

दोन गोष्टी मात्र हसण्यावारी नेऊ नका. आंबवण्याच्या उघड्या टाकीवर वाकून फोटो काढायचा नाही. तिथे कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, तो हवेपेक्षा जड, दिसत नाही, आणि डोकं आत घातलं की माणूस कोसळू शकतो. आणि माल्ट भरडायच्या खोलीत विचारल्याशिवाय फ्लॅश किंवा दिवे लावायचे नाहीत. धान्याची बारीक धूळ हवेत असली की ठिणगीने स्फोट होऊ शकतो, पिठाच्या मोठ्या गिरण्यांमध्ये झालेले आहेत.

प्रश्न : हाय ताई, मी पिट्सबर्गला आहे. आई-बाबा आलेत, त्यांना चर्च ब्रू वर्क्सला घेऊन गेलो, जुन्या चर्चमध्ये ब्रुअरी आहे, जिथे वेदी असते तिथे बिअरच्या टाक्या. बाबा खूश, आई मात्र बाहेर येईपर्यंत गप्प, मग म्हणाली देवाच्या जागेचं हे काय करून ठेवलंय, फोटो कसले काढतोस. मी काढलेच, पण खिडक्यांच्या रंगीत काचा पांढऱ्याफटक आल्या आणि आत अंधार. आणि आईचं पण काहीतरी उत्तर द्या प्लीज.

उत्तर : आधी आईंचं. त्यांना सांग की ते चर्च ब्रुअरीने बंद पाडलं नाही. १९०२ च्या आसपास बांधलेलं सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च ते, लॉरेन्सव्हिल भागातलं, स्टीलच्या कारखान्यात राबणाऱ्या लोकांच्या वस्तीतलं. १९१५ साली आगीत होरपळलं, परत दुरुस्त केलं. मग स्टीलचा धंदा बसला, माणसं निघून गेली, पिट्सबर्गची वस्ती १९५० ला पावणेसात लाखांच्या आसपास होती ती २००० पर्यंत साडेतीन लाखांच्याही खाली आली. चर्चला येणारं कोण उरलं? १९९३ साली चर्चनेच ते बंद केलं आणि १९९६ साली तिथे ब्रुअरी आली. पाडून पार्किंग झालं असतं तर आईंना जास्त बरं वाटलं असतं का, हे विचार, पण प्रेमाने विचार. आणि त्यांना वाटलं ते चूक आहे असंही मी म्हणणार नाही. गिरगावातलं एखादं बंद पडलेलं देऊळ असं झालं तर माझ्याही घशाखाली घास उतरायचा नाही. पटत नसेल तर नको पटू दे, जेवण चांगलं होतं ना?

आता फोटो. वेदीच्या जागी टाक्या हा फोटो सगळे काढतात, दारातून आत आलं की मधल्या रस्त्यावर उभं राहून, निळ्या कमानीखाली चमकणाऱ्या टाक्या. काढच, पण नीट काढ. अगदी मध्यावर उभा राहा, फरशीच्या रेषा किंवा दोन्ही बाजूंचे खांब मोजून, एक फूट जरी इकडे-तिकडे झालास तरी सगळी कमान वाकडी दिसते. कॅमेरा छातीच्या उंचीवर, सरळ. काचांसाठी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे काचांवर एक्स्पोज कर, म्हणजे उजेड काचांच्या हिशोबाने धर, आत काळं येऊ दे, रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढलं असशील तर सावल्या नंतर उचलता येतात, जळालेली काच मात्र कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. दुसरा मार्ग, तीन किंवा पाच फोटो कमी-जास्त उजेडाचे काढून जोडणं, पण त्याला ट्रायपॉड लागेल आणि गर्दीच्या हॉटेलात ट्रायपॉड म्हणजे वेटरच्या पायात दोरी. दार उघडल्या उघडल्या जा, टेबलं रिकामी असतील, आधी मॅनेजरला विचार. किंवा सरळ संध्याकाळी जा, बाहेरचा उजेड आणि आतले दिवे सारखे झाले की दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात काढ.

मला विचारशील तर मी टाक्यांपेक्षा बाकांकडे वळेन. चर्चचे जे लांब ओकचे बाक होते ते कापून आखूड केले आणि तेच टेबलांना लावले, आणि कापून उरलेल्या लाकडातून बार बनवला. कबुलीजबाबाची खोली काढली तिच्या विटा बाहेरच्या पाटीच्या खांबांना लावल्या. म्हणजे ज्या बाकावर बसून कोणाच्या तरी आजीने प्रार्थना केली त्याच्या कापलेल्या टोकाजवळ आज ग्लास ठेवलाय. ते टोक जवळून घे, लाकडाचे रेषे दिसतील असं, मागे टाक्या धूसर. वेदीवर टाक्या बघून लोक हसतात आणि पुढे जातात, या फोटोपाशी थांबतील. आईंना पण हा आवडेल बघ.

प्रश्न : ब्रसेल्सला टूरमधून एक दिवस मोकळा होता तर कांतियों ब्रुअरी बघितली. सगळीकडे कोळीष्टकं! डोंबिवलीच्या माझ्या स्वयंपाकघरात एवढी असती तर सासूबाईंनी घर सोडलं असतं. फोटो छान आलेत, दीर म्हणतो एआयने जाळी काढून टाकतो, दोन मिनिटांचं काम आहे. काढू का?

उत्तर : दिराचा हात धरा. अजिबात काढू नका.

ती जाळी आळसाने राहिलेली नाहीत, ठेवलेली आहेत. ही ब्रुअरी १९०० ची, आणि इथे यीस्ट विकत आणून घालत नाहीत. थंडीच्या महिन्यांत उकळता रस छपराखालच्या त्या पसरट ताटात रात्रभर उघडा ठेवतात, बाहेरची हवा आत येते, हवेतले आणि त्या जुन्या लाकडातले जीवजंतू त्यात उतरतात आणि सकाळी तो लाकडी पिंपात भरला की आपोआप आंबायला लागतो, आपलं इडलीचं पीठ आंबतं तसं, फक्त इथे वर्ष-दोन वर्षं, कधी तीन. या बिअरला लँबिक म्हणतात. आता फळं घातलेली गोड-आंबट पिंपं म्हटल्यावर चिलटं येणार, आणि औषध फवारायचं तर ज्या जंतूंवर धंदा चालतो तेच मरणार. मग चिलटं खायला कोळी. म्हणून तिथे कोळ्याला मारत नाहीत. तुमच्या फोटोतली कोळीष्टकं म्हणजे तिथला पगार न घेणारा स्टाफ आहे.

उलट ती अजून चांगली दिसावीत असं करा. तुमच्या तिसऱ्या फोटोत छपराच्या फटीतून उजेड येतोय, जाळी त्या उजेडाच्या आड आहेत म्हणून सोनेरी झालीत. तोच फोटो ठेवा, काळा भाग अजून थोडा काळा करा आणि बाकी हात लावू नका. पिंपांच्या रांगेचा जो आहे त्यात पिवळा रंग फार झालाय, व्हाइट बॅलन्स जरा निळ्याकडे न्या, पण पूर्ण पांढरं नको, तळघर पिवळंच असतं.

प्रश्न : अशा बिल्डिंगचे फोटो विकता येतात का? केस वगैरे होते का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : वकिलाला फी देऊन विचारा, मी फोटोवाली आहे. मोघम एवढंच सांगते की आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली इमारतीचा फोटो काढणं आणि छापणं हे कॉपीराइटचा भंग धरत नाहीत, इंग्लंड-अमेरिकेतही साधारण तशीच सोय आहे. पण आत गेलात की मालकाची जागा, मालकाचा नियम. तोंडी हो म्हणाले तरी एक ईमेल घ्या. बाटलीवरचं लेबल, लोगो, भिंतीवरचं चित्र, ओळखू येणारी माणसं यांची भानगड वेगळी. आणि ग्लास हातात घेतलेल्या कोणाचाही फोटो विचारल्याशिवाय टाकू नका, कायदा राहू दे, घरी भांडणं होतात.

प्रश्न : मी नाशिकचा. पुण्यात डूलाली म्हणून ब्रुअरी आहे, मित्र म्हणतो ते नाव आमच्या देवळालीवरून आलंय, खरं का? माझे आजोबा देवळाली कॅम्पात कँटीनला कामाला होते, त्यांचा बरॅकीसमोर काढलेला एक फोटो घरात आहे, बाजूला खोकी रचलेली आहेत, बहुतेक बिअरचीच. तीच जागा शोधून परत फोटो काढावा असं डोक्यात आहे. आणि आपल्याकडे एखादी जुनी ब्रुअरी फोटो काढण्यासारखी आहे का?

उत्तर : मित्र बरोबर आहे. देवळालीला १८६१ पासून गोऱ्या सैनिकांचा मुक्कामाचा कॅम्प होता. नोकरी संपलेले सैनिक तिथे येऊन घरी जाणाऱ्या बोटीची वाट बघत बसायचे, आणि बोटी सुटायच्या हिवाळ्यातच, नोव्हेंबर ते मार्च. मार्च संपल्यावर पोचलेला बिचारा सगळा उन्हाळा आणि पावसाळा तिथे काढायचा, काम नाही, ऊन, डास, दारू. त्यातल्या काहींची डोकी फिरायची. त्याला त्यांनी नाव ठेवलं डूलाली टॅप, डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. इंग्लंडात अजून वेडसर माणसाला डूलाली म्हणतात, त्यांना पत्ताही नसतो की हे नाशिकजवळचं स्टेशन आहे. पुण्यातली ब्रुअरी २००९ ची, देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक.

जुन्या इमारतीचं म्हणाल तर मायक्रोब्रुअरी हा प्रकारच आपल्याकडे २००९ च्या आसपास आलेला, बहुतेक मॉलमध्ये, गच्चीवर, नाहीतर हॉटेलच्या आवारात. हूक नॉर्टनसारखं उभं मशीन शोधत फिरू नका. त्यापेक्षा जे आहे तेच नीट काढा, टाकीवरच्या खडूच्या नोंदी, पाइपांची जोडणी, फरशीचा उतार कुठल्या गटाराकडे जातो ते. पाच वर्षांत ती जागा बंद होऊन तिथे कपड्यांचं दुकान येतं आणि मग हेच फोटो उरतात, म्हणून फाइलला तारीख आणि जागेचं नाव द्या, आयएमजी शून्य शून्य चार असं ठेवू नका.

आजोबांच्या फोटोचं काम मात्र मला फार आवडलंय. कॅम्पचा भाग लष्कराचा आहे, तेव्हा परवानगी हातात नसताना कॅमेरा बाहेर काढू नका. जागा ओळखायला खोक्यांवर किंवा माणसांवर जाऊ नका, ती हलतात. छपराचा उतार, खांबांतलं अंतर, मागे डोंगराची रेघ दिसत असेल तर ती, यावरून शोधा. जुन्या फोटोचा प्रिंट सोबत न्या, एक डोळा मिटून तो समोर धरा आणि खांबाची कड मागच्या डोंगराच्या ज्या टोकावर येते ते टोक जुळेपर्यंत पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरका. कड जुळली की आजोबांचा फोटो काढणारा जिथे उभा होता तिथेच तुम्ही आहात. सावल्या बघून वेळही साधारण कळेल, तीच वेळ धरा.

पण त्याआधी घरी एक काम करा. फोटो फ्रेममध्ये असेल तर हळूच बाहेर काढा, चिकटलेला असेल तर ओढू नका, आणि मागची बाजू स्कॅन करून पाठवा. स्टुडिओचा शिक्का असतो, कधी पेन्सिलीने साल असतं. खोक्यांवर काय छापलंय ते मी इकडे मोठं करून बघते.